जनावराचा प्रकार : हरभरा

मटण हा तीन अक्षरांचा शब्द. त्यात काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, जोडाक्षर नाही. पहिलीतलं पोर तो न अडखळता वाचेल. मी सोळा वर्षं हायस्कुलात मराठी शिकवतो आहे. 'किंकर्तव्यमूढ'पासून 'धृष्टद्युम्ना'पर्यंत एकाही शब्दानं मला कधी दगा दिला नाही. दिला तो या गरीब दिसणाऱ्या शब्दानं. त्याच्यापायी गावातले खाटीक आणि गावातलं भजनी मंडळ एकाच रविवारी, एकाच ओट्यावर, एकाच बाजूला बसले. गावाच्या इतिहासात असं ऐक्य पूर्वी कधी झालेलं नाही. ते मी घडवून आणलं. पण त्याबद्दल मला कोणी साधा नारळ दिला नाही.

गावाचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथंच राहायचं आहे. मलकापूरहून धामणगाव बढ्याच्या अंगाला जाणारी एस.टी. जिथं दहा मिनिटं थांबते आणि ड्रायव्हर चहाला उतरतो, ते आमचं गाव, एवढं पुरे. साल त्रेसष्ट. राज्य तीन वर्षांचं, आणि तालुक्याची पंचायत समिती तर इतकी नवी की टेबलांचं वार्निशही नीट वाळलेलं नव्हतं. अर्ज ठेवला की चिकटायचा.

माझी थोरली बहीण मनकर्णाबाई, म्हणजे आमची आक्का, मेहुणे वारल्यावर माझ्याकडे आली. आली ती आठ दिवस बसली आणि नवव्या दिवशी म्हणाली, "माणिक, भावाच्या घरी बसून खाणं मले जमत नाही. मी खानावळ काढतो." आमच्याकडे बायकाही 'काढतो'च म्हणतात, पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत. एस.टी. थांब्यासमोर दोन खोल्या पाहिल्या, चुली मांडल्या आणि आक्का सुरू झाली.

आक्काच्या हातचा एक पदार्थ असा आहे की त्याच्यासाठी माणसानं जन्म घ्यावा. हरभऱ्याची डाळ भिजवून ती पाट्यावर वाटते, वाफवते, तुकडे पाडते, तळते आणि काळ्या मसाल्याच्या रश्शात सोडते. वर बोटभर लाल तर्री. आक्का त्याला 'डाळ' म्हणायची. नुसतं 'डाळ'. त्यामुळे पहिल्या महिन्यात खानावळीत गिऱ्हाइकं आली ती चारच. त्यातले तिघे पोटाचे रोगी होते. त्यांना डॉक्टरनं डाळ सांगितली होती, आणि पहिल्याच घासाला ते ठसकून उठले. चौथे आमच्याच शाळेतले गणिताचे तुळशीराम इंगळे सर. त्यांचं घर लोणारकडं, इथं एकटेच राहायचे. रोज यायचे, जेवायचे, "बाई, डाळ झकास" एवढं म्हणायचे आणि जायचे.

माझे शेजारी उकंडराव हे निवृत्त पोस्टमास्तर. तीस वर्षं लोकांची पत्रं वाचून दाखवल्यामुळे त्यांना प्रत्येकाच्या घरचं सगळं कळतं आणि प्रत्येक गोष्टीवर सल्ला सुचतो. ते म्हणाले, "मास्तर, माल एक नंबर हाय. पन नावात दम नाही. डाळ त जेलातही भेटते. लोक एस.टी.तून उतरून डाळ खायाले येतीन काऊन?"

"मग काय नाव द्यावं?" मी विचारलं.

"तुमीच सांगा. तर्री मटणाची, मसाला मटणाचा, वास मटणाचा. मंग लाजता कायले?"

आमच्या घराण्यात चार पिढ्यांची माळ आहे. त्यामुळे मटणाचा मसाला आणि वास कसा असतो हे उकंडरावांना कसं माहीत, असा प्रश्न मी विचारला नाही. आणि ते पटकन मला कसं पटलं, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

मी पत्रा आणला, पांढरा रंग दिला आणि वर तांबड्या वळणदार अक्षरांत लिहिलं : 'मनकर्णाबाईंचे शाकाहारी मटण'. माझं अक्षर जिल्ह्यात प्रसिद्ध आहे. पालकमेळाव्याचा फळा माझ्याशिवाय कोणी लिहीत नाही. पाटी इतकी देखणी झाली की मी स्वतः रस्त्यापलीकडे उभा राहून ती तीनदा वाचली.

आक्कानं ती एकदाच वाचली. "माणिक, थे डाळ हाय."

"आक्का, 'शाकाहारी' हे विशेषण आहे. विशेषण नामाची व्याप्ती मर्यादित करतं."

"डाळीले डाळ म्हणाले लाज वाटते का तुले?"

मी हसलो. शिकलेल्या भावानं अडाणी बहिणीकडे पाहून हसावं तसं हसलो. ते हसू मला पुढं फार महाग पडलं.

पहिल्याच दिवशी एस.टी.तून अर्धी गाडी उतरली. ड्रायव्हर चहा सोडून जेवायला आला, त्यामुळे गाडी दहा मिनिटांऐवजी चाळीस मिनिटं थांबली. आक्काला हात पुरेनात. मी शाळेतून येऊन गल्ल्यापाशी उभा राहिलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, हे नाव कसं सुचलं ते सांगू लागलो. तिसऱ्या दिवशी सरकीच्या गाड्या हाकणारा एक धिप्पाड गडी जेवायला बसला. त्यानं रश्शात बोटं घालून तळ ढवळला आणि ओरडला, "बाई, नळी कुठंय? मटणात नळी नाही मंजे काय चेष्टा हाय का?"

मी विशेषणावर बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात आक्कानं घरच्यासाठी रश्शात उकळत टाकलेल्या परसातल्या शेवग्याच्या शेंगेचे दोन तुकडे त्याच्या ताटात वाढले. त्यानं शेंग ओढली, चोखली, डोळे मिटले, पुन्हा चोखली. "हे नळी," तो म्हणाला, "त्या नळीपेक्षा गोड हाय." दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक जण नळी मागू लागला. परसातला शेवगा बोडका झाला. आक्का मात्र वाढताना प्रत्येकाला सांगायची, "शेंग हाय ना, दादा. डाळ हाय, डाळ." गिऱ्हाईक म्हणायचं, "हाव हाव," आणि पुन्हा मागायचं.

अशा वेळी माणसानं शांत बसावं. मी शाळेत 'नावाचे महत्त्व' या विषयावर निबंध दिला.

पहिली तोफ पुंजाजीची. पुंजाजीचं मटणाचं दुकान बाजाराच्या टोकाला. तो भला माणूस. कधी कुणाला आवाज चढवून बोललेला मी ऐकला नव्हता. तो कमरेला बांधलेल्या फडक्याला हात पुसत दारात उभा राहिला.

"मास्तर, काल मले एका बाईनं इचारलं, 'पुंजाभाऊ, तुयं मटन खरं हाय का डाळीचं?' बावीस वर्सं झाले धंद्याले. बापापासून धंदा हाय. मले असं कोनी इचारलं नोतं."

"पण पुंजाजी, माझ्या पाटीवर 'शाकाहारी' असं स्पष्ट..."

"मंग म्या उद्या दुकानावर पाटी लावतो : 'बोकडाचं वांगं'. चालीन? म्होरं 'मांसाहारी' लिहितो. चालीन?"

मी भाषेचा माणूस. मला एक पळवाट दिसली आणि मी ती उत्साहानं धरली. "हे बघ पुंजाजी, तुझ्या दुकानावर 'मटन' लिहिलेलं आहे, नळातला न. माझ्या पाटीवर 'मटण' आहे, बाणातला ण. म्हणजे मी तुझा शब्द घेतलेलाच नाही."

पुंजाजीनं माझ्याकडे बराच वेळ दयेनं पाहिलं. "मास्तर," तो म्हणाला, "न खाल्ला का ण खाल्ला, दातात हाड अडकाले पाह्यजे." आणि निघून गेला.

तो गेला न गेला तोच भगवंतराव आले. भगवंतराव म्हणजे किराणा दुकानाचे मालक आणि भजनी मंडळाचे अध्यक्ष. ते पाटीखाली न येता पाटीच्या दोन हात अलीकडे थांबले, जणू शब्द अंगावर गळेल.

"माणिकराव, तुम्ही माळकऱ्याच्या पोटचे. दारात हे लिहिता? काल माझी नात 'आबा, मले मटण' म्हणून रडली. माझ्या घरात! उद्या प्रसादाच्या शिऱ्याले शाकाहारी कलेजी म्हणसान!"

"भगवंतराव, आत शुद्ध हरभरा आहे. तुमच्याच दुकानाचा."

"हरभरा माझा असन. शब्द माझा नाही." ते जाताना कानावर उपरणं घेऊन गेले. वाऱ्याची झुळूक मात्र खानावळीकडून येत होती आणि मी पाहिलं, उपरणं कानावर होतं, नाकावर नव्हतं.

आठ दिवसांनी पंचायत समितीचा लखोटा आला. आत लिहिलं होतं : 'आपण विनापरवाना मटणविक्री करीत असल्याबाबत, तसेच सदर मटणात मटण नसल्याबाबत, अशा दोन तक्रारी प्राप्त झाल्या आहेत. तरी दोन्हींचा खुलासा समक्ष करावा.' सोबत दोन्ही मूळ तक्रारीच जोडल्या होत्या. एकीखाली पुंजाजीचा अंगठा, दुसरीखाली भगवंतरावांची सही. दोन्हींचं अक्षर एकच होतं, आणि ते मी चांगलं ओळखत होतो.

मी उकंडरावांकडे गेलो. ते अंगणात पान जुळवत होते. "हाव," ते शांतपणे म्हणाले, "दोन्ही म्याच लिहून देल्ल्या. गावातल्या मान्साले नाही कसं म्हणावं? आता तुमचा खुलासाबी लिहून देतो. बसा."

पंचायत समितीत मांसविक्रीच्या टेबलावर एक तरुण कारकून होता. त्यानं माझ्यासमोर छापील फॉर्म सरकवला आणि स्वतःच भरू लागला.

"विक्रेत्याचं नाव?"

"मनकर्णाबाई."

"जनावराचा प्रकार?"

"हरभरा."

त्यानं 'हरभरा' लिहिलं. टाक थांबला नाही. "नर का मादी?"

"अहो, हरभरा! डाळ आहे ती."

"मंग पाटीवर मटण काऊन लिहिलं?"

"ते नावापुरतं आहे."

"बरं," तो समजूतदारपणे म्हणाला, "मंग नावापुरतं जनावर आणा. मटण लिहिलं म्हटल्यावर मटणाचा परवाना लागते. परवान्याले तपासलेलं जनावर लागते. जनावर नाही दाखवलं त विनापरवाना. जनावर दाखवलं अन् मटण नाही विकलं त भेसळ. तुमची भेसळ शंभर टक्के हाय, मास्तर. एवढी मोठी केस आमच्याकडे अजून आली नाही."

"आणि पाटी काढली तर?"

"पाटी काढली मंजे गुन्हा कबूल. थ्याचा फॉर्म वेगळा हाय, थो अजून छापून आला नाही." मग त्यानं आवाज खाली केला. "एक दिवस जनावर आणा. शिक्का मारून देतो. परवाना भेटला का आत तुम्ही डाळ शिजवा का दगड शिजवा, थ्याले आमच्या रजिस्टरात रकानाच नाही."

शासनाची ही उदारता पाहून मला भरून आलं.

आता जनावर. ते गावात फक्त पुंजाजीकडे. मी जाऊन, मान खाली घालून, एक दिवसापुरता बोकड उसना मागितला. पुंजाजी इतका थक्क झाला की नाही म्हणायचं विसरला. म्हणाला, "माह्या तक्रारीचा खुलासा कराले माहाच बोकड नेता, मास्तर?" पण दिला. काळा, तगडा, पिवळ्या डोळ्यांचा बोकड होता. वर्गातल्या शेवटच्या बाकावरची मुलं ज्या नजरेनं माझ्याकडे पाहतात, त्याच नजरेनं तो माझ्याकडे पाहत होता.

एस.टी.त त्याला घ्यावं की नाही यावर कंडक्टरनं अर्धा तास नियमांचं पुस्तक चाळलं. शेवटी निर्णय झाला की बोकड टपावर जाईल आणि त्याला धरायला मालकही टपावर बसेल. मी म्हणालो, मी मालक नाही. कंडक्टर म्हणाला, "मंग चोरीचा हाय का?" मी टपावर बसलो. धोतर, काळा कोट, टोपी, आणि मांडीशी बोकड. बस नेमकी शाळेपुढून गेली. मधली सुट्टी होती. सातवी अ आणि सातवी ब या दोन्ही तुकड्यांनी कुंपणाशी येऊन मला नमस्कार केला. शिस्त मीच लावली होती.

कारकुनानं शब्द पाळला. बोकडाच्या मांडीवर निळा गोल शिक्का मारला, रजिस्टरात आक्काचं नाव घातलं आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं : 'कत्तल : आजच'.

"अहो, पण हा जिवंत परत जायचा आहे."

"जाऊ द्या ना. तपासणीनंतर कत्तल झाली असं धरलं जाते. रकानाच तसा हाय."

अशा रीतीनं मी कागदोपत्री मेलेल्या बोकडासह टपावर बसून परत आलो आणि तो पुंजाजीच्या दारी नेऊन बांधला.

गावात माझ्या आधी बातमी पोचली होती. 'मास्तर आता खरंच बोकड आणून राह्यले.' दुसऱ्या दिवशी खानावळीत एकही माळकरी फिरकला नाही; ज्या म्हाताऱ्या शेंगेसाठी वाटी घेऊन यायच्या, त्यांनी रस्ता बदलला. उलट ज्यांना खरं मटण हवं होतं ते हात धुऊन येऊन बसले, आणि ताटात डाळ पाहून त्यांनी थाळ्या सरळ आक्काच्या अंगणात उलट्या केल्या. रश्शाचा लाल ओघळ उंबऱ्यापर्यंत आला. आक्कानं फडकं घेतलं, खाली बसली आणि पुसत राहिली. तिच्या पाठीकडे पाहताना मला पहिल्यांदा वाटलं की हा प्रकार विनोदी राहिलेला नाही.

त्यात पुंजाजी बोकड घेऊन माझ्याच दारात. "मास्तर, याच्यावर तुमच्या आक्काच्या नावाचा शिक्का हाय. पंचायत समितीचं रजिस्टर म्हणते हा काल मेला. मेलेला बोकड म्या दुसऱ्यांदा कसा कापू? घ्या, सांभाळा." आणि त्यानं दोर माझ्या हातात दिला. संध्याकाळपर्यंत बोकडानं उकंडरावांचा गुलाब खाल्ला. उकंडराव माझ्याविरुद्ध अर्ज लिहायला बसले. हा मात्र त्यांचा स्वतःचा होता.

सरपंचांनी रविवारी सकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बैठक बोलावली. सुरुवातीला सांगितलं ते ऐक्य तिथंच दिसलं. डावीकडे पुंजाजी आणि त्याचे दोन भाऊबंद, त्यांच्या मांडीला मांडी लावून भगवंतराव आणि टाळकरी मंडळी. उजवीकडे मी. माझ्या बाजूला खांबाला बांधलेला बोकड. इंगळे सर मागं भिंतीशी उभे होते. मला धीर आला, निदान एक शिकलेला माणूस माझ्या बाजूचा.

मी उभा राहिलो. आदल्या दिवशी भाषण लिहून काढलं होतं. "ग्रामस्थहो, दगडफूल हे फूल नाही. पाणघोड्याला कोणी खोगीर घालत नाही. नागफणीला विष नाही. नाव हे..." लोक जांभया देऊ लागले. तेव्हा मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. "भगवंतराव, तुमच्या दुकानात डब्यातलं वनस्पती तूप आहे. ते तूप कोणत्या गाईचं?"

ओट्यावर हशा पिकला. भगवंतराव लाल झाले. "त्याच्यावर 'वनस्पती' असं लिहेल असते!"

"माझ्या पाटीवर 'शाकाहारी' असं लिहेल आहे!" भावनेच्या भरात माझंही व्याकरण घसरलं, पण टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यात टाळ्या पडल्या त्या तेवढ्याच.

भगवंतरावांचा तोल गेला. "नावाचं सोडा हो! त्या पाटीनं कोन कोन येऊन राह्यलं ते पाहा. मटण म्हटलं का कोनीही येते. काल माझा साडू जेवाले बसला, अन् पंगतीत त्याच्या शेजारी..." त्यांची नजर मागच्या भिंतीकडे गेली, इंगळे सरांवर थांबली आणि पटकन खाली आली.

वाक्य पूर्ण करायची कोणाला गरज वाटली नाही. गावात अशी वाक्यं अर्धीच बोलली जातात. उरलेलं अर्धं सगळ्यांना पाठ असतं.

इंगळे सर पुढं आले. ते वर्गात भागाकार समजावतात त्याच आवाजात बोलले. "मी पाटी लागायच्या आधीपासून तिथं जेवतो. तवा डाळ होती अन् मी डाळच मागत होतो. तवा कोणाची हरकत नव्हती, कारण तवा पंगतच नव्हती, मी एकटाच होतो." मग ते माझ्याकडे वळले. "अन् मास्तर, तुम्हालेही सांगतो. माझी माय मटण करे तवा वास गेला म्हणून लोक दार लावून घेत. आमच्या मटणाले तुम्ही जन्मभर नावं ठेवली. आता तुमची डाळ खपत नाही म्हणून तिले आमचं नाव ठेवता. दोन्हीपैकी एक काहीतरी करा."

मी सोळा वर्षं 'नावं ठेवणे' हा वाक्प्रचार वाक्यात उपयोग करायला देतो. एवढं नेमकं वाक्य एकाही विद्यार्थ्यानं लिहिलेलं नाही. मी खाली बसलो. बोकडानं माझ्या भाषणाचा कागद ओढून घेतला, आणि मी घेऊ दिला.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आक्का उठली. बैठकीत बाईनं बोलायची पद्धत नव्हती, पण तिला थांबवायची हिंमतही कोणात नव्हती.

"सरपंच, ह्या पाटीवर नाव माहं हाय. मले कोनी इचारलं का, काय लिहू म्हणून? ह्या शिकलेल्या भावानं नाही इचारलं, तक्रार लिहिणाऱ्यानं नाही इचारलं, शिक्का मारणाऱ्यानं नाही इचारलं." ती पुंजाजीकडे वळली. "पुंजाभाऊ, तुमचं नाव म्या घेतलं, चुकलं. पाटी आज उतरवतो." मग भगवंतरावांकडे. "तुमाले मटण झोंबलं का पंगत, थे तुमचं तुमी पाहा. माह्या इथं ताटं एका रांगेत पडतात. पह्यले आला थो पह्यले बसीन. ज्याले रांग चालत नाही, त्यानं घरी जेवावं. घरी चांगलंच जेवण असन."

भगवंतराव उपरण्याचं टोक पिळत राहिले. सरपंचांनी घसा खाकरला. "अन् हा बोकड?"

"थो कागदावर मेला ना?" आक्का म्हणाली. "मंग आता त्याले कोनी मारू शकत नाही. पुंजाभाऊ, ह्याच्या बदल्यात वर्सभर तुमचं जेवण माह्याकडे."

पुंजाजीनं क्षणभर बोकडाकडे पाहिलं, मग आक्काकडे. "शेंगेसगट?" त्यानं विचारलं. सौदा झाला.

पाटी त्याच दुपारी मी उतरवली. आक्कानं मला ती घासून स्वच्छ करायला लावली. तांबडा रंग तीन दिवस माझ्या नखांतून गेला नाही. नवी पाटी इंगळे सरांनी लिहिली, भूमितीच्या पट्टीनं, सरळ उभ्या रेघांत : 'मनकर्णाबाईची खानावळ. डाळ-भाकर'. अक्षर सुमार आहे. मी तसं बोललो नाही.

आठ-दहा दिवस खानावळ ओस होती. मग एक दिवस तो सरकीचा गाडीवाला परत आला, पाटी वाचली, आत बसला आणि म्हणाला, "बाई, एक मटण."

"डाळ हाय," आक्का म्हणाली.

"हाव. थेच."

बस्स. पाटीवर डाळ आणि तोंडी मटण असा व्यवहार सुरू झाला तो आजतागायत. कोणाच्या तोंडावर शिक्का मारायचा रकाना पंचायत समितीकडे अजून आलेला नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला गेलो. पंगतीत पुंजाजी बसला होता, त्याच्या शेजारी इंगळे सर, आणि त्यांच्या पलीकडे, एक पाट मोकळा सोडून, भगवंतराव. घरची माणसं गावाला गेली असावीत, किंवा नाक शेवटी कानावर मात करून गेलं असावं. जागा तेवढी एकच होती, म्हणून मी त्या मोकळ्या पाटावर बसलो. आता रांग सलग झाली.

आक्का वाढायला आली.

"मले मटन," पुंजाजी म्हणाला, "अन् नळ्या दोन."

"डाळ, बाई," इंगळे सर म्हणाले.

भगवंतरावांनी ताटाकडे पाहत, ओठ न हलवता म्हटलं, "मले... थे."

मग आक्का माझ्यापुढे उभी राहिली, पळी भरून. "अन् तुले काय वाढू, माणिक?"

पुंजाजीचा घास हातात राहिला. इंगळे सरांनी चष्म्यावरून पाहिलं. भगवंतरावांनीसुद्धा मान वर केली. सोळा वर्षं मराठी शिकवणारा माणूस काय उत्तर देतो, ते ऐकायला रांगेच्या टोकापर्यंत सगळे थांबले होते.

"भाकर," मी म्हणालो. "आधी भाकर वाढ."